गोळ्यांची बडतर्फी

माझ्या मामाला हृदयविकाराचा झटका आला आणि डॉक्टरीणबाईंनी त्याच्या तुंबलेल्या रक्तवाहिनीत औषध लावलेला स्टेंट बसवला. स्टेंट म्हणजे जाळीची इवलीशी नळी. ती वाहिनी उघडी धरते, आणि तिच्यावरचं औषध आत पुन्हा मांस वाढू देत नाही. घरी सोडताना बाईंनी बजावलं, "या दोन गोळ्या वर्षभर. एक दिवसही चुकवायच्या नाहीत. चुकवल्यात तर जाळीवर रक्ताची गुठळी धरेल, आणि मग माझ्यापर्यंत पोचायलाही वेळ मिळणार नाही." मामाने मान डोलावली. इथवर सगळं सुरळीत होतं. मग माणसं भेटायला येऊ लागली.

पेशंटला भेटायला येणारा माणूस जिना चढता चढता हृदयरोगतज्ज्ञ होतो. पहिली तपासणी फ्रीज दुरुस्त करणाऱ्या काकांनी केली. त्यांनी मामाच्या छातीला थेट कान लावला.

"आवाज येत नाही."

"अगंबाई! कसला?" मामी घाबरली.

"कसलाच नाही. वहिनी, चालू यंत्र घरघरतं. हे बंद दिसतंय."

"अरे, नळी आहे ती, मोटर नाही," मामा म्हणाला.

"तेच म्हणतोय. मोटरच बसवली नाही त्यांनी!"

दुसरे आले शेजारचे निवृत्त अधीक्षक. ते ऑफिसातून निवृत्त झाले, पण ऑफिस त्यांच्यातून झालं नाही. सोफ्यावर टेकताक्षणी त्यांनी समिती स्थापन केली. विषय : बसवलेल्या स्टेंटची सुरक्षितता व परिणामकारकता. पुरावे मागवण्यात आले. अधीक्षकांच्या साडूने साधा स्टेंट बसवून घेतला होता, तो शिट्या मारत डोंगर चढतो. काकांच्या एका गिऱ्हाइकाने औषधवाला बसवून घेतला, तो बाथरूममध्ये घसरून पडला. दोन्ही बाजूंचे पुरावे जमल्यामुळे अभ्यास पूर्ण झाल्याचं जाहीर झालं.

तेवढ्यात अधीक्षकांची नजर गोळ्यांवर गेली. "स्टेंटला औषध लावलेलंच आहे ना?"

"हो," मामी म्हणाली.

"आणि वरून पुन्हा औषध? एकाच कामाला दोन खाती? गोळ्या तात्काळ बडतर्फ कराव्यात!"

"मलाही वाटतच होतं," मामा म्हणाला. "हल्ली दाढी करताना जरा कापलं तर रक्त थांबता थांबत नाही." आणि त्याने हातातली गोळी परत डबीत टाकली.

मी ओरडले, "अरे मामा, दोन्हींची कामं वेगळी आहेत! ते औषध मांस वाढू देत नाही, गोळ्या गुठळी होऊ देत नाहीत!"

"बाळा, मोठी माणसं बोलतायत," काका म्हणाले.

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावून स्पीकर सुरू केला. त्या अशा कडाडल्या की मामी उभीच राहिली. अधीक्षक शांत होते. "स्टेंट त्यांनीच बसवलाय. म्हणजे त्या पक्षकार झाल्या. त्यांचं मत धरता येत नाही."

आता काय? मी आवाज एकदम मवाळ केला. "अधीक्षककाका, बाजू ऐकून न घेता कुणाला बडतर्फ करता येतं? तुमच्या ऑफिसात चाललं असतं?"

त्यांचा चेहरा पडला. "छे! रीतसर चौकशी करावी लागते."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत... कामावर ठेवावं लागेल. नियम आहे."

मामीने पाण्याचा पेला पुढे केला. मामाने नियमानुसार गोळी गिळली.

चौकशी सुरू झाली. गोळ्यांकडून खुलासा मागवला, त्यांनी तो दिला नाही. हे मौन म्हणजे कबुली की उद्धटपणा, हे ठरवायला उपसमिती नेमली. तिच्या अध्यक्षपदावरून काका आणि अधीक्षकांचा अबोला झाला. तो मिटवायला आणखी एक समिती आली. या सगळ्यात मामा रोज गोळ्या घेत होता, कारण निकाल लागला नव्हता.

वर्ष सरलं. डॉक्टरीणबाईंनी मामाला तपासलं, एक गोळी थांबवली आणि दुसरी कायमची चालू ठेवायला सांगितली.

"पाहिलंत?" अधीक्षक म्हणाले. "अर्धा ठराव मंजूर!" काकांनी टाळ्या वाजवल्या. अबोलाही मिटला.

आता तुम्हालाही स्टेंटबद्दल कळलंय. किती? एका शाळकरी मुलीच्या गोष्टीत मावेल तेवढं. म्हणजे पुष्कळ झालं. ओळखीपाळखीत कुणी नुकतंच दवाखान्यातून घरी आलं असेल, तर चपला घाला आणि निघा. तुमच्या सल्ल्याशिवाय ते बिचारे बरे होऊन बसतील.