शून्याखालचा कोबी

अन्नातील दूषक द्रव्यांचे संशोधन करणाऱ्या त्या संस्थेत नवे यंत्र बसविण्यात आले त्यास तीन महिने लोटले, तरी त्याने अद्याप एकाही भाजीविषयी मत दिले नव्हते. यंत्र नादुरुस्त नव्हते. त्याच्यासाठी स्वतंत्र थंड खोली होती, खोलीबाहेर पादत्राणे ठेवण्याची फळी होती, आणि आत पाऊल टाकताच थोरामोठ्यांचाही आवाज आपोआप खाली येई. तलावात चिमूटभर विष कालवले तरी ते शोधून काढील, अशी त्याची ख्याती होती. अडचण एवढीच, की यंत्रासोबत आलेल्या जाडजूड ग्रंथाच्या पहिल्याच पृष्ठावर एक आज्ञा होती. दूषित नमुने तपासण्यापूर्वी यंत्रास एक कोरा नमुना दाखवावा. कोबी तपासावयाचा असल्यास ज्यात कोबीवाचून दुसरे काहीही नाही असा कोबी. शुद्ध काय ते एकदा पाहिल्याखेरीज अशुद्ध ओळखण्यास यंत्राचा विनम्र नकार होता. मनुष्यास अशी अट नसल्यामुळे त्याचे आजवर सुरळीत चालले होते.

कोरा नमुना मिळविण्याचे दायित्व ज्येष्ठ विश्लेषकांकडे आले. त्यांना सारी संस्था दशांशराव म्हणत असे, कारण दशांशचिन्हापुढील एकही अंक त्यांनी उभ्या सेवाकाळात सोडून दिला नव्हता. त्यांनी विहित नमुन्यात मागणीपत्र भरले, 'शुद्ध कोबी, एक गड्डा', आणि ते भांडारपालांच्या मेजावर ठेवले.

भांडारपालांनी ते दोनदा वाचले. "शुद्ध म्हणजे? धुतलेला का?"

"नाही हो. ज्यावर काही फवारलेलंच नाही असा."

"असा माल आपल्या यादीत नाही. अशुद्ध असतो तो 'कोबी' या नावानं येतो. तुम्ही साधा कोबी लिहा, मी आजच्या आज मागवतो."

दशांशरावांनी साधा कोबी लिहिला. मग नगरातील निरनिराळ्या बाजारांतून एकेचाळीस गड्डे आले, आणि जुन्या पद्धतीने हाताने तपासता त्या एकेचाळीसही गड्ड्यांतून निरनिराळी औषधे निघाली. एक गड्डा तर काचेच्या दारांच्या दुकानातून, हिरव्या अक्षरांतील 'रसायनमुक्त' या पट्टीसह, तिप्पट दराने आणलेला होता. त्यात सात रसायने सापडली. पैकी एकाचे नाव ग्रंथातही नव्हते. दशांशरावांनी हा निष्कर्ष जड अंतःकरणाने संचालकांपुढे ठेवला.

"म्हणजे जास्त दर दिला की जास्त काहीतरी मिळतंच," संचालक समाधानाने म्हणाले. "पण ते राहू द्या. वार्षिक अहवालाला तीन आठवडे उरलेत, आणि आपल्या यंत्रानं अजून तोंड उघडलेलं नाही. कोरा नमुना आणा कुठून तरी."

सुटीच्या दिवशी दशांशराव आपल्या थोरल्या बहिणीकडे गेले. ताई नगराच्या कडेला राहत असे. यजमान गेल्यापासून घरामागच्या अर्ध्या एकरात ती भाजी पिकवी, आणि ठरलेल्या तीस घरी स्वतः नेऊन देई. त्या तीस घरांवर तिचे घर चाले. दुसरा आधार नव्हता, आणि भावाकडे हात पसरणे तिच्या स्वभावात नव्हते. कोबीच्या वाफ्यात ती पाने उलटून अळ्या वेचीत बसली होती.

"ये धाकट्या. बरा वेळेवर आलास. तो डबा धर, यात अळ्या टाक."

"ताई, तू कोबीवर काही मारतेस का?"

"कधीमधी चापट मारते."

"तसं नव्हे. औषध."

"नाही बाबा. त्या बाटलीवर कवटी काढलेली असते. कवटी काढलेली वस्तू मी खायच्या गोष्टीवर कशाला ओतू? राख टाकते, अळ्या वेचते. ज्या हाताला लागत नाहीत त्या त्यांचा वाटा खातात. बघ ना, चाळण केलीय पानांची."

दशांशरावांनी एक गड्डा हातात घेतला. बाहेरची पाने खरोखरच चाळणीसारखी झाली होती. तो गड्डा त्यांनी पांढऱ्या कापडात गुंडाळला आणि परतीच्या गाडीत शेजारच्या रिकाम्या आसनावर न ठेवता घरापर्यंत मांडीवर धरून आणला.

दुसऱ्या दिवशी यंत्राच्या पडद्यावर रेषा उमटली. ती डावीकडून निघाली आणि कुठेही मान वर न करता उजवीकडे पोहोचली. एकतीस वर्षांच्या सेवेत अशी रेषा दशांशरावांनी पाहिली नव्हती. त्यांनी चष्मा काढून पुसला. नंतर ध्यानात आले की, चष्मा कोरडाच होता.

त्या गड्ड्यातून एक अळीही निघाली होती. दशांशरावांनी तिला बाजारातील गड्ड्याच्या पानावर सोडले. अळी कडेपर्यंत चालत गेली, तोंड उचलून जरा वेळ थांबली, आणि खाली मेजावर पडणे तिने पसंत केले. हे निरीक्षण त्यांनी वेळेसह नोंदवहीत लिहिले. संचालकांनी त्यावर तांबडी रेघ ओढून समासात लिहिले: 'सदर अळीची परीक्षक म्हणून नियुक्ती झालेली नाही.'

परंतु खरी हरकत भांडारपालांची होती. "पावती कुठाय?"

"बहिणीकडून आणला. पावती कसली?"

"मग परवाना असेल तिचा."

"परसात भाजी करते हो ती!"

"म्हणजे पावती नाही, परवाना नाही, आणि वर गड्ड्याला भोकं. नियम अकरा वाचा, कुरतडलेला माल स्वीकारू नये. दशांशराव, तुमचा शब्द मला प्रमाण आहे. पण कागद नसलेल्या वस्तूला मी शुद्ध कसं म्हणू?"

तथापि गड्डा आवक नोंदवहीत बेचाळिसाव्या क्रमांकाने चढला होता, आणि चढलेली नोंद खोडण्याची तरतूद नव्हती.

अहवालाची तिथी जवळ आली तेव्हा संचालकांनी पाच तज्ज्ञांची समिती बोलावली. समितीने दोन बैठकांत विषयाचा सर्व बाजूंनी विचार केला, आणि ज्या अर्थी बाजारात कोरा कोबी उपलब्ध नाही, त्या अर्थी बाजारात जो उपलब्ध आहे त्यासच कोरा समजण्यात यावे, असा ठराव एकमताने संमत केला. एकेचाळीस गड्ड्यांतील विषांची सरासरी काढावी. ती सरासरी म्हणजे शून्य. शून्याच्या वर दहा आणि खाली दहा एवढा चढउतार निसर्गसुलभ मानावा. हा ठराव वाचला जात असताना दशांशराव उभे राहिले. सभेत उभे राहण्याचा त्यांचा हा पहिलाच प्रसंग होता.

"साहेब, शून्य म्हणजे काही नसणं."

"ते तुमच्या पुस्तकात," संचालक प्रेमाने म्हणाले. "संस्थेच्या दृष्टीनं शून्य म्हणजे तक्रार नसणं. बसा."

यंत्रास नवा कोरा नमुना दाखविण्यात आला. बिचाऱ्याने तो मुकाट्याने मान्य केला. एकेचाळीसही गड्डे मर्यादेत बसले आणि अहवालात दूषितांच्या रकान्यात सर्वत्र 'निरंक' हा शब्द उमटला. वृत्तपत्रांत ठळक मथळा आला: 'बाजारातील भाजी निर्धोक, संशोधनाचा निर्वाळा'. संचालकांचे छायाचित्रही आले. त्यांच्या हातात एक तुकतुकीत गड्डा होता, आणि छायाचित्र काढून होताच त्यांनी हात धुतले, हे छायाचित्रात आले नाही.

आता उरला बेचाळिसावा. नोंद आहे म्हणजे निष्कर्ष हवा. यंत्राने ताईच्या कोबीचा निष्कर्ष दिला: उणे चौदा पूर्णांक सहा. प्रपत्रात उणे लिहिण्यास रकाना नव्हता. समितीची तिसरी बैठक झाली, आणि तीत हा प्रकार प्रथमदर्शनी दिसतो त्याहून गंभीर असल्याचे आढळले. ग्राहक कोबी घेतो तेव्हा कोबीत सर्वसाधारणपणे जे जे असते ते मिळण्याची त्यास अपेक्षा असते. या कोबीत ते नाही. सबब ही ग्राहकाची फसवणूक होय. दोषाचे नाव ठरले 'प्रचलित घटकांची न्यूनता'. सूचनापत्राचा मसुदा तयार झाला: पंधरा दिवसांत माल मर्यादेत आणावा, अन्यथा पीक उपटून नष्ट करण्यात येईल व विक्रीस कायमची मनाई होईल.

"सही तुमची लागेल," संचालक म्हणाले. "विश्लेषक तुम्ही."

"माझी सख्खी बहीण आहे ती."

"म्हणूनच म्हणतो. तुम्ही नाही केलीत तर पक्षपात दिसेल. आणि आकडा चुकीचा आहे का? आहे का चुकीचा? सांगा."

आकडा चुकीचा नव्हता. दशांशचिन्हानंतरचा सहासुद्धा जागेवर होता. दशांशरावांनी अतिशय नेटके अक्षर काढून सही केली.

पत्र घेऊन ताईच भावाच्या घरी आली. पिशवीत सहा गड्डे होते. तेवढे त्या दिवशी परत आले होते.

"धाकट्या, हे नीट वाचून दाखव. माझ्या कोबीत काय कमी आहे म्हणतात?"

दशांशरावांनी पत्र उलटसुलट केले. "विष."

"थट्टा करू नकोस."

"नाही ग. खरंच. इतरांच्या मानानं कमी भरलं."

ताई खुर्चीवर टेकली. "तरीच. पेपरात आल्यापासून एकेक घर सुटतंय. मुख्याध्यापिकाबाई काय म्हणाल्या ठाऊक आहे? बारा वर्षं माझ्याकडनं घेतात. म्हणाल्या, बाजारातली भाजी सगळी निर्धोक आहे म्हणे. मग अळीचं उष्टं आम्हीच का खायचं? तीस घरांची नऊ राहिली. आणि खाली सही कुणाची आहे ही?"

"माझी."

ताईने भावाकडे पाहिले. लहानपणी तो पडून आला की ती असेच पाहत असे. आधी लागले कुठे ते, आणि मग रागावणे. या वेळी रागावणे आले नाही, हेच दशांशरावांना जड गेले.

"ताई, मी नसती केली तर…"

"राहू दे. किती घालायचं ते सांग."

"काय?"

"मर्यादेत आणा म्हणतात ना? तू शिकलेला आहेस. दुसरा कुणी सांगेल तर अंदाजानं सांगेल, आणि माणसं मरायची. तू सांगशील तर बरोब्बर सांगशील."

दशांशरावांनी कागद ओढला. वाफ्यांचे क्षेत्रफळ, पंपाची क्षमता, औषधाची तीव्रता, तोडणीपर्यंतचे दिवस, सारे मांडून त्यांनी गणित केले, आणि उलट बाजूने पडताळून पाहिले. "एका पंपाला तीन पूर्णांक सेहेचाळीस झाकणं."

"झाकणाला पूर्णांक नसतो रे."

"मी मोजून देतो."

त्यांनी संस्थेतून काचेची मोजनळी आणली आणि प्रत्येक पंपापुरते औषध स्वतः मोजून दिले. ताईने तोंडाला दुहेरी पदर बांधला, पाठीवर पंप घेतला आणि वाफ्यांमधून चालत गेली. सायंकाळपर्यंत अळ्यांनी वाफे सोडले.

पंधराव्या दिवशी अधिकृत नमुना घेण्यात आला. यंत्राने निष्कर्ष दिला: शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य. संस्थेच्या इतिहासात एवढा नेमका गड्डा दुसरा नव्हता. संचालकांनी दशांशरावांची पाठ थोपटली आणि भगिनींना प्रमाणपत्र पाठविण्याची आज्ञा केली. प्रमाणपत्र चौकटीत बसवून मिळाले. ताईने ते भिंतीवर न लावता पंपाच्या खोलीत ठेवले.

पुढच्या आठवड्यात दशांशराव तिची टोपली उचलून तिच्याबरोबर घरोघरी गेले. ग्राहक परतले होते. तीसची चौतीस घरे झाली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी दारातच गड्डा घेतला, फिरवून पाहिला आणि अंगठ्याने त्याची तुकतुकी तपासली.

"आता कसा दिसतो! इतके दिवस असा का नाही आणलात हो?"

"शिकत होते," ताई म्हणाली.

"हे हो काय?" बाईंनी एक बाहेरचे पान मुडपून पाहिले. कुठून कोण जाणे, त्यास मोहरीएवढे एक भोक होते. बाईंनी ते पान अलगद खुडले, चिमटीत धरून टोपलीत परत टाकले, आणि नातवंडांसाठी उरलेला अखंड गड्डा स्वयंपाकघरात नेला.

दशांशराव त्या पानाकडे बघत राहिले. त्या अंगणातले खाण्याजोगे पान कदाचित तेवढे एकच होते, आणि ते टाकले ते संस्थेने नव्हे.

सुज्ञ वाचकांनीही आजची भाजी चिरण्यापूर्वी पाने एकवार उजेडात धरून पाहावीत. सारी पाने अखंड असतील तर निश्चिंत मनाने जेवावे. आपण मर्यादेत आहात. एखाद्या पानास भोक आढळलेच तर काय करावे, याविषयी संस्थेने मार्गदर्शिका काढलेली नाही. आपण ते पान काढून टाकाल, याविषयी समितीस पहिल्या बैठकीपासूनच कोणतीही शंका नव्हती.