पंचामृतात न्हालेलं कुलूप

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याच्या पितांबरभाऊंनी आपल्या प्रेसमधला संगणक सुरू केला आणि पडद्यावर पाटी आली, 'कुलूप सापडत नाही.'

हे कुलूप म्हणजे काडेपेटीएवढी डबी. पुण्याच्या कंपनीकडून मराठी अक्षरांचा प्रोग्राम घेतला की ती सोबत मिळे, आणि संगणकाच्या पाठीला लावल्याशिवाय प्रोग्राम उघडत नसे. साल नव्व्याण्णव. तेव्हा संगणकाच्या खोलीत लोक चपला बाहेर काढून जात. आज हसू येतं, पण किती मनापासून जात!

"काल याला कोणी हात लावला?" भाऊ ओरडले.

"हात कसाले लावू? पूजा कयी," त्यांच्या पत्नी कमलबाई म्हणाल्या. दसऱ्याला पाने-पकडीबरोबर त्यांनी ती डबीही ताटात घेतली होती. घराचं कुलूप म्हणजे मानाची वस्तू, म्हणून तिला पंचामृताची अंघोळही घातली होती. मग पुसून, हळदकुंकू लावून जागच्या जागी परत बसवली होती.

पिंपळनेरचे तोताराम आबा दुपारी नातीच्या लग्नपत्रिका न्यायला येणार होते. पहिली पत्रिका एकविरादेवीपुढे ठेवायची आणि लगेच पाचची एसटी गाठायची. बावीस वर्षांत भाऊंनी पत्रिकेचा शब्द कधी मोडला नव्हता.

त्यांनी जळगावला फोन करून कंपनीच्या एजंटाला, पंडितला, बोलावून घेतलं. तो अकराला आला. त्याने डबी हुंगली.

"दही आहे यात."

"नवं कधी मिळेल?"

"अर्ज पुण्याला जाईल. पंधरा दिवस."

"मग पत्रिकेऐवजी नवरीच्या लेकराचं बारसं छापू का?"

तेवढ्यात इंजिनीअरिंग कॉलेजचे जीवराम सर हँडबिलं न्यायला आले. सर म्हणजे मोफत आणि मोकळ्या सॉफ्टवेअरचे भक्त. खिशात पेनाऐवजी सीडी बाळगत आणि भेटेल त्याला फुकट वाटत.

"मी नेहमी सांगतो, कुलूपच नको!" सर म्हणाले. "ही घ्या. कुणीही वापरा, कुणीही दुरुस्त करा."

"फुकटच्या मालाची जबाबदारी कोण घेतं, सर?" पंडितने टोमणा मारला.

"तुमच्या विकतच्या मालाची कोण घेतंय आत्ता?"

भाऊंनी आशेने खुर्ची दिली. डिस्कच्या मोकळ्या भागात सरांनी दोन तास खपून आपली सगळी यंत्रणा बसवली. चित्रं सुरेख आली, इंग्रजी झकास आलं. मराठीच्या जागी मात्र रिकाम्या चौकटी आल्या.

"मराठीचं काम चालू आहे," सर किंचित ओशाळून म्हणाले. "पण आतलं सगळं उघडं आहे, भाऊ. तुम्ही स्वतःही सुधारू शकता!"

"सर, मी सातवी पास आहे."

तेवढ्यात तोताराम आबा आले. "पितांबर, पत्रिका झायात का रे?"

"व्हतीन आबा, बसा," म्हणत भाऊंनी स्टूल पुढे केलं. म्हाताऱ्याच्या हातातला देवीसाठी आणलेला नारळ पाहून पंडितही विरघळला. त्याने बॅगेच्या तळातून हळूच एक फ्लॉपी काढली.

"हिला कुलूप लागत नाही. आपलाच प्रोग्राम, कुलूप तोडलेला. कंपनी मलासुद्धा कुलूप वेळेवर देत नाही, मग गिऱ्हाइकाला काय दाखवू?"

भाऊंनी हात पुढे केला, पण सरांनी फ्लॉपीवर पंजा ठेवला. "ही चोरी आहे!"

"तुम्ही म्हणताय हे? तुम्ही तर सगळंच फुकट वाटता!"

"मालकाने मोकळं केलेलं वाटतो. मालकाला न विचारता नाही."

आबा दोघांकडे बघत राहिले. "जो इकस तो म्हनस फुकट ल्या, अन् जो फुकट देस तो म्हनस चोरी! पितांबर, मना नातनं लगीन शे रे."

सरांचा चेहरा पडला. म्हाताऱ्याची त्यांनाही दया आली होती, पण तत्त्व सोडवेना. "पंडित, पुण्याला तुझ्या साहेबांना फोन कर. खरं सांग. त्यांनी परवानगी दिली, तर मी स्वतः टाइप करतो."

पंडित फाशी जाणाऱ्याच्या चेहऱ्याने शेजारच्या एसटीडी बूथवर गेला. साहेबांनी सगळं ऐकलं, सरांविषयी दोन प्रश्न विचारले आणि फोन ठेवला. वीस मिनिटांनी बूथवाला फॅक्स घेऊन धावत आला. 'नवे कुलूप मिळेपर्यंत ही प्रत वापरण्यास परवानगी आहे.'

सर टाइप करायला बसले, पंडित मजकूर वाचून दाखवू लागला. साडेचारला शेवटची पत्रिका वाळली. आबांनी दोघांच्या हातात एकेक ठेवली.

"लगीनले या बरं, दोन्ही. बाकीनं भांडन तठे करा."

आबा देवीच्या रस्त्याला लागले. भाऊ ओट्यावर बसून घाम पुसत होते. सरांनी फॅक्स घडी करायला घेतला, तेव्हा खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ दिसली. 'त्या सरांकडची सीडी मिळेल का? बरेच दिवस पाहायची आहे. ऑफिसच्या नव्हे, घरच्या पत्त्यावर पाठवावी.'

सरांनी ती ओळ दोनदा वाचली. मग खिशातली सीडी काढून पंडितच्या हातात ठेवली.

"साहेबांना सांग," सर म्हणाले, "परवानगी आहे."