रेशमावरची तपासणी

बेंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे; तिथले तानोजीअण्णा पोलादावरून रेशीम फिरवतात. आम्ही मणक्यात स्क्रू बसवायची हत्यारं बनवतो: लांब, बारीक, बोटभर चिरेतून आत जाणारी. तपासणीला यंत्रं आहेत. पण यंत्रानं पास केलेलं हत्यारही अण्णा डोळे मिटून रेशमी चिंधीवर घासून बघतात. धागा अडकला, की "सरी, ठीक, परत जा," असं त्या हत्यारालाच सांगून लाल डब्यात टाकतात.

चिंध्या चिकपेटेतल्या रेशमाच्या बाजारातून येतात. दुकानदारानं एकदा रंग विचारला, तर म्हणाले, "रंग कुठलाही दे. स्वल्प नाजूक दे. लगेच तक्रार करणारं."

अण्णांचं घराणं बेंगळुरातलं जुनं. मी निपाणीची, त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला अक्का म्हणतात. माल वेळेत पाठवणं माझं काम, त्यामुळे आमचं रोज वाजतं.

"अण्णा, यंत्र काय खोटं बोलतं?"

"यंत्राला पाठ कुठं आहे, अक्का?"

मी कपाळाला हात लावून पुढचा माल मोजायला घ्यायचे.

मागच्या महिन्यात मात्र त्यांनी कहर केला. माल न्यायला गाडी दारात उभी आणि अण्णा एकामागून एक हत्यार लाल डब्यात टाकतायत. जेवायच्या सुट्टीपर्यंत डबा भरला. माझं डोकं फिरलं. मी त्यातली चार-पाच उचलून स्वतः रेशमावर घासली. एकही धागा अडकला नाही. मग माझं लक्ष अण्णांच्या हातांकडे गेलं. दोन्ही हात थरथरत होते.

"काय झालं, अण्णा?"

"सुमित्राचं ऑपरेशन आहे आज. स्क्रू घालतायत पाठीत. वर्ष झालं, डावा पाय बधिर आहे तिचा."

सुमित्रा म्हणजे त्यांची बायको. "आणि तुम्ही इथं?" मी ओरडलेच.

"पोरगी आहे तिथं. मला नाही बसवत बाहेर. बाकीच्यांना आत काय जातं ते माहीत नसतं, अक्का. मला एकेकाचं टोक माहीत आहे."

माझा राग कुठल्या कुठे गेला. स्टूल ओढून मी त्यांच्याजवळ बसले. दुपारी टेबलावरचा त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. मुलगी होती. ऑपरेशन झालं, आई शुद्धीवर आली, म्हणाली.

"पायाची बोटं हलवली का, विचारा."

"हलवली म्हणे."

"दोन्ही पायांची?"

मी विचारलं. "हो, दोन्ही."

"डाव्याचीसुद्धा? परत विचारा, अक्का."

मी परत विचारलं. हो म्हटल्यावर अण्णा ॲप्रनमध्ये तोंड खुपसून सगळ्या कारखान्यासमोर हमसून हमसून रडले. यंत्रावरची माणसं मान वळवून बघायला लागली. पलीकडून मुलगी घाबरून विचारत होती, "अप्पा कुठायत? अप्पा ठीक आहेत ना?"

"ठीक आहेत," मी म्हटलं, "तिकडंच निघालेत."