बापूराव वकिलांचं मुरलेलं तेल

बापूराव वकील वर्तमानपत्र आठ दिवसांनी वाचत. टपालानं अंक आला की घडी न मोडता तो फडताळात टाकत आणि गेल्या आठवड्याचा बाहेर काढत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "गोविंदराव, घाई कशाला करून राह्यले? बातमी मुरू द्या. खोटी असली तर तोवर कळतंच."

निजामाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. मी जालन्याच्या अदालतीबाहेर लिंबाखाली बसून लोकांचे उर्दू अर्ज लिहून द्यायचो आणि बापूराव आत काळा कोट घालून उभे राहायचे. मस्तगड मोहल्ल्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यामुळे त्यांचं "मुरू द्या" मला दिवसातून दहा वेळा ऐकावं लागे. नवा जोडा आणला की तो वर्षभर कोनाड्यात मुरे. लिंबाचं लोणचं सात वर्षांचं झाल्याशिवाय पानात येत नसे, आणि आलं की ते लोणचं आहे हे सांगावं लागे. पक्षकार तावातावानं आला तर त्याला पाणी देऊन म्हणत, "दावा महिनाभर मुरू दे, मंग ये." महिन्याभरात निम्म्या लोकांचा समेट होऊन जाई. वकिली फारशी चालली नाही ती यामुळेच.

घरी ते एकटेच. बायको वारली होती, एकुलती मुलगी लग्न होऊन हैदराबादेला गेल्ती. तिच्या लग्नानंतर कुणाला काही न विचारता त्यांनी बदली होऊन चाललेल्या एका अंमलदाराची जुनी मोटार घेतली.

स्टेशन रस्त्यावर मेहबूब उस्तादचा मोटारदुरुस्तीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे चार पत्रे आणि एक खड्डा. उस्ताद पहिल्या दिवसापासून सांगत होता, "वकीलसाब, तेल बदलना पडता. हजार मैल झाले की जुनं काढायचं, नवं टाकायचं."

बापूराव तेल मोजायची दांडी काढून तेल बघत. ते काळं झालेलं पाहून त्यांना समाधान वाटे. "लोणच्याचं तेल काळं झालं म्हंजे काय समजायचं, उस्ताद? मुरलं." तेल कमी झालं की वरून थोडं ओतत, पण जुनं तेल त्यांनी चार वर्षं बाहेर काढू दिलं नाही. पुढे पुढे उस्ताद दिसला की ते मोटार दुसऱ्या गल्लीत घालत.

अशात माझ्या धाकट्या बहिणीला बदनापूरचं स्थळ आलं. वडील नव्हते, म्हणून बोलणी करायला बापूराव वडीलधारे म्हणून निघाले. मला वाटलं होतं रेल्वेनं जाऊ. ते म्हणाले, "मुलीकडचे मोटारीतून उतरले तर वजन पडतं."

अर्ध्या वाटेवर विंजिनातून ठक ठक असा आवाज यायला लागला. समोर तेलाचा दाब दाखवणारा काटा होता, तो खाली जाऊन गप बसला.

"काटा पडला, वकीलसाहेब."

"शांत झालाय. विंजिनाला आता सवय झाली, त्याला जोर लागून न्हाई राह्यला."

दोन कोस राहिले असतील. आतून कुणी दात खाल्ल्यासारखा कर्र आवाज झाला आणि मोटार जागीच थांबली. हँडल मारलं तर तसूभर फिरेना. बोनेटमधून पाणी मारलेल्या चुलीसारखा वास येत होता.

शेजारच्या वावरात एक म्हातारा औत हाकत होता. तो आला आणि मोटारीभोवती फिरून बघून म्हणाला, "हे पितं काय?"

"तेल," बापूराव म्हणाले.

"मंग पाजलं न्हाई का?"

"पाजलं. चार वर्षांचं आहे."

म्हाताऱ्यानं आमच्याकडे नीट बघितलं. "शिळं पाजलं म्हणा की," तो म्हणाला आणि मुकाट्यानं बैल सोडून घेऊन आला.

त्या बैलांमागं दोरखंडानं बांधलेल्या मोटारीत बसून आम्ही बदनापूरला स्थळ बघायला पोचलो. बापूराव ताठ बसून चाक धरून होते. वेशीपाशी त्यांनी भोंगाही वाजवला. पाहुण्यांच्या दारात निम्मं गाव जमलं आणि तोंड कुठं लपवावं मला कळेना. आता सोयरीक मोडली असंच मी धरून चाललो होतो. मुलाच्या वडिलांनी मात्र हसू आवरून आम्हाला गूळपाणी दिलं. म्हणाले, "मोटार मोडली म्हणून माघारी गेले न्हाईत, आले. लेकीची काळजी असलेली माणसं दिसतात. माझा होकार समजा." बहीण आज त्याच घरात नातवंडं खेळवतेय.

दुसऱ्या दिवशी त्याच बैलांनी मोटार जालन्यात, उस्तादच्या खड्ड्यावर आणून सोडली. उस्ताद खड्ड्यात उतरला. त्यानं खाली परात ठेवली आणि तेलाच्या टाकीचं बूच काढलं. परातीत एक थेंब पडला नाही.

"संपलं वाटतं," बापूराव म्हणाले.

उस्तादनं भोकात बोट घातलं आणि काळं, डांबरासारखं काहीतरी बाहेर काढून दाखवलं. "ये तेल नई साब, हलवा है." मग टाकी उतरवून त्यानं तो गाळ उलथण्यानं खरवडून काढला. तेल वर जायच्या वाटेवरची जाळी पार बुजून गेल्ती. वर तेल न पोचल्यानं बेअरिंगं वितळून दांड्याला चिकटली होती.

"पण लोणचं मुरतं," बापूराव हळू आवाजात म्हणाले.

"लोणच्याखाली चूल कोण पेटवतं, साब? इथं रोज चूल. धूळ, धूर, पाणी सगळं तेल पोटात घेतं. पोट भरलं की थकतं. थकलेल्याला बदलायला पायजे."

बापूरावांनी तो गाळ बोटांत चोळून बघितला. मग वकिलासारखे म्हणाले, "हा मुद्दा माझ्यासमोर आल्ता न्हाई."

दुरुस्तीला तीन आठवडे लागले. अदालत सुटली की बापूराव रोज तिथं जात आणि कोट काढून रॉकेलमध्ये एकेक तुकडा धूत बसत. मोटार चालू झाली, तेव्हापासून ते तेलाच्या बाबतीत अगदी पक्के झाले. इतके, की दर गुरुवारी दुपारी तेल बदलायला उस्तादकडे हजर. मोटार आठवडाभरात स्टेशनापर्यंतसुद्धा गेलेली नसे.

एका गुरुवारी मी सायकलीचं काम घेऊन जरा आधी पोचलो. उस्ताद एक डबा धुऊन ठेवत होता. शेजारी मलमलीच्या फडक्यातून तेल गाळलं जात होतं. डब्यावर उर्दूत 'वकीलसाब' लिहिलेलं बघून मी ओळखलं, हे गेल्या गुरुवारी बापूरावांच्या मोटारीतून काढलेलं तेल. तेच गाळून हा पुन्हा घालत होता. मला राग आला. "उस्ताद, भल्या माणसाला फसवता?"

"तेल बघा," तो म्हणाला. मी बघितलं. तुपासारखं स्वच्छ होतं.

"याला काय झालंय बदलायला? मी त्याचं काही घेत न्हाई, गोविंदराव. साब येतात, तेल निथळेपर्यंत इथं बसतात. लेकीची चिठ्ठी आली तर वाचून दाखवतात. न आली तर मागची वाचतात." त्यानं फडकं पिळलं. "घरात बोलायला कोण आहे त्यांना?"

तेवढ्यात मोटार येऊन उभी राहिली. बापूराव उतरले, मला बघून जरा ओशाळले. "तेल बदलून घ्यावं म्हटलं," ते म्हणाले. उस्तादनं खोक्यावर पोतं अंथरलं, चहा सांगितला आणि मोटारीखाली सरकला.

मी सायकल घेऊन निघालो. वळून बघितलं तर बापूराव खिशातून पत्र काढत होते. उस्तादनं बूच पुरतं काढलं नव्हतं, नुसतं सैल केलं होतं, आणि तेल थेंब थेंब पडत होतं.