फोनची खेप

मोजणीबाई अंघोळीला जाताना फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आत घेऊन निघाल्या, तेव्हा मात्र आईने वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"बयो, अंघोळीपुरता तरी त्याला बाहेर ठेव. वाजला तर मी हाक मारीन."

"मी कुणाच्या फोनची वाट बघत नाहीये, आई."

"नाही ना? मग साबण घेऊन जा. तो इथेच राहिलाय."

मोजणीबाई हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. कॉलेजात त्या स्त्री-पुरुषांच्या वागण्याचा अभ्यास शिकवत. नवराबायकोच्या गप्पा त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करायच्या आणि कोण किती बोललं, कुणी कुणाला मध्येच तोडलं, हे घड्याळ लावून मोजायचं, हे त्यांचं संशोधन. ही सवय अंगात इतकी मुरली होती की भेटायला येणारे पुरुषही तिच्या तावडीतून सुटत नसत. एका गृहस्थांनी आपल्या बढतीची हकिगत सांगताना बाईंना 'हो का' म्हणायलासुद्धा फट ठेवली नव्हती. दुसरे बाईंचं प्रत्येक वाक्य स्वतःच पुरं करत, आणि तेही चुकीचं. बाईंनी दोघांना नमस्कार केला आणि घरी येऊन आईला सांगितलं, "यापेक्षा एकटी बरी."

ते खरंच होतं. फक्त संध्याकाळी बसमधून येताना काही गमतीचं दिसलं, की ते कुणाला तरी सांगावं म्हणून बाईंची मान आपोआप शेजारच्या जागेकडे वळायची. तिथे कुणाची तरी भाजीची पिशवी असायची.

मग वाचनालयात गोगलगायवाले भेटले. विद्यापीठात ते गोगलगायींचा अभ्यास करत. उंच, किंचित वाकलेले, आणि बोलण्याआधी समोरच्याचं संपलंय ना याची खात्री करून घेणारे. खिडकीजवळचं एकच टेबल दोघांनाही हवं होतं. "तुम्ही बसा," ते म्हणाले. "मी बाई आहे म्हणून?" बाईंनी विचारलं. त्यांनी जरा विचार केला. "नाही. तुमची पुस्तकं जड दिसतायत म्हणून." उत्तर बाईंच्या मनात घर करून राहिलं.

चहाला गेले, तर हॉटेलच्या दाराशी दोघंही थबकले. बाईंसाठी दार धरावं तर तो उपकार, न धरावं तर उद्धटपणा. शेवटी दोघं एकदमच आत शिरले आणि चौकटीत अडकले. मागचा माणूस ओरडला, "अहो, आत जाताय की बाहेर येताय?" आत गेल्यावर मागवायचं कुणी, यावर चहा बराच लांबला. पण गप्पा रंगल्या. नर कोण, मादी कोण हा प्रश्नच बऱ्याच गोगलगायींत येत नाही, प्रत्येक जण दोन्ही असतो, आणि पहिलं पाऊल कुणी टाकायचं यात त्यांचा अख्खा दिवस जातो, असं ते सांगत होते. बाईंनी त्या दिवशी पहिल्यांदाच घड्याळाकडे पाहिलं नाही.

निघताना बाईंनीच नियम घातला. "फोन आळीपाळीने करायचा. एक खेप माझी, एक तुमची. दर वेळी बाईनेच आठवण ठेवायची, नाहीतर बाईनेच वाट बघत बसायचं, दोन्ही मला मान्य नाही."

"मलाही नाही," ते म्हणाले.

पहिली खेप बाईंची. फोन झाला, छान झाला, खूप वेळ झाला. आता खेप त्यांची होती. आणि त्यांचा फोन काही येईना.

दोन दिवसांनी बाईंचं कॉलेजात मोठं व्याख्यान होतं. विषय त्यांच्याच गाजलेल्या निबंधाचा: वाट पाहणं हेही काम आहे, ते बायकांच्या गळ्यात पडतं आणि कुणी त्याची दखल घेत नाही. हे त्यांना सुचलं होतं आईवरून. वडील लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे आणि आई ताट झाकून खिडकीत बसायची. व्याख्यानाला जाताना बाईंनी निश्चय केला, की आज घरी जाईपर्यंत फोनकडे बघायचंसुद्धा नाही. बटणांचा तो जुना फोन आवाज बंद करून त्यांनी पिशवीत टाकला, वर दोन जाडजूड ग्रंथ कोंबले आणि चेन ओढली. व्याख्यान इतकं रंगलं की मागच्या बाकावरची मुलंही जागी राहिली. घरी येऊन पाहतात, तर फोनची बॅटरी संपलेली. घाईघाईने चार्जिंगला लावला. चुकलेला फोन एकही नव्हता.

त्यानंतर आठवडा गेला, आणखी एक गेला.

"जरा मला फोन कर गं," एका सकाळी बाई आईला म्हणाल्या.

"समोर तर बसलीयस."

"चालू आहे का बघतेय."

आईने फोन लावला. समोरचा फोन वाजला. "हॅलो," आई म्हणाली, "तो चालू आहे. आता तूच लाव त्यांना."

"खेप त्यांची आहे, आई. मी केला तर सगळ्याला काय अर्थ राहिला? तू आयुष्यभर खिडकीत बसलीस, म्हणून तर मी..."

"मला ते आवडायचं की नाही, हे विचारलंस कधी?"

बाईंनी इतक्या जणांच्या मुलाखती घेतल्या होत्या. ही एक राहून गेली होती.

"आवडायचं?"

"निम्मं. वळणावर हॉर्न वाजला की निम्म्याचं सार्थक व्हायचं. उरलेल्या निम्म्याचा राग येऊन ताट आपटायचे." एवढं बोलून आई कोबी चिरायला बसली आणि दोन पानं काढताच ओरडली, "बयो! हे बघ काय! यात गोगलगाय आहे!"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"जाऊन दाखवणं म्हणजे काही फोन करणं नव्हे," आई म्हणाली.

नियमात खरोखरच तसं काही नव्हतं. बाईंनी डब्याला भोकं पाडली, गोगलगाय आत ठेवली, सोबतीला कोबीचं पान दिलं आणि बस पकडली. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ते उठून उभे राहिले. मग मागच्या बाईही सरकल्या. आज तेवढी तरी सभ्यता दिसतेय, असं मोजणीबाईंना वाटलं.

गोगलगायवाल्यांच्या विद्यापीठातल्या खोलीत खोकी बांधून ठेवली होती. ते स्वतः कात्री घेऊन दोरीशी झटत होते. बाईंना पाहून कात्री खाली पडली.

"तुम्ही?"

"ओळख पटवून घ्यायला आले. म्हणजे गोगलगायीची." बाईंनी डबा पुढे केला आणि झाकण उघडलं. आत भोक पडलेलं पान होतं. गोगलगाय नव्हती. "अहो, आत्ता तर होती! देवाशप्पथ!"

"हलू नका," ते हलकेच म्हणाले. "तुमच्या खांद्यावर आहे."

ते जवळ आले. बाईंच्या खांद्यावरून त्यांनी ती अशी उचलली, की बाईंना सोडवताना तिलाही दुखू नये. बाईंना उगीचच रडू आल्यासारखं झालं. ते लपवायला त्यांनी खोक्यांकडे बोट दाखवलं. "हे काय?"

"बेटावरच्या संशोधन केंद्रात चाललोय. वर्षभरासाठी. आधी नाही म्हणालो होतो. मग... इथे थांबण्यासारखं काही उरलं नाही."

"उरलं नाही? खेप तुमची होती! मी फोन अंघोळीत घेऊन जातेय!"

"माझी?" ते गोंधळले. "मी केला की! ठरल्याप्रमाणे, दोन दिवसांनी. तुम्ही घेतलात आणि लगेच वाट पाहण्याबद्दल बोलायला लागलात. मला वाटलं मलाच सांगताय, म्हणून मी मध्ये तोडलं नाही. मग टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या."

बाईंच्या डोळ्यांपुढे ते दोन ग्रंथ आले, आणि त्यांच्याखाली दबलेलं बटण.

"तुम्ही अख्खं व्याख्यान ऐकलंत?"

"फार चांगलं होतं. दुसऱ्या मुद्द्यावर एक शंका आहे, ती नंतर विचारीन."

"पण मग पुढे काहीच का नाही..."

"पुढेही ऐकलं." ते गोगलगायीकडेच बघत होते. "सगळे निघून गेल्यासारखे वाटले. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. आणि तुम्ही म्हणालात, 'फोन कर ना रे, गाढवा.' इतक्या... इतक्या आतून म्हणालात."

बाईंना आठवलं. रिकामी स्टाफरूम, टेबलावर बंद पिशवी, आणि तिच्याकडे बघत बसलेल्या त्या.

"मग तरीसुद्धा?"

"अहो, मी तर फोनवरच होतो! म्हणजे तुम्ही ज्याच्या फोनची वाट बघत होता, तो दुसराच कुणीतरी असणार. तुमच्या मनात कुणी असेल, तर त्याचा जाब विचारणारा मी कोण? तेवढ्यात फोन बंद झाला. मी ठरवलं, मध्ये यायचं नाही." ते थांबले. "फक्त त्या गाढवाचा फार हेवा वाटत राहिला."

आयुष्यभर दुसऱ्यांचं मध्येच तोडणं मोजत आलेल्या बाईंनी यावर त्यांना पुढे बोलूच दिलं नाही.

"तो गाढव तूच आहेस," त्या म्हणाल्या. 'तुम्ही' कुठे गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

बेटाचं तिकीट काढून झालं होतं आणि तिथे शब्दही दिलेला होता. नको जाऊस असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं. पण आपल्याला असं कुणी म्हटलेलं आपण ऐकून घेतलं असतं का? त्यांनी ते गिळलं आणि दुसरंच विचारलं.

"बेटावर फोन लागतो का रे?"

"टेकडीवर चढलं तर लागतो म्हणे."

"मग चढशील?"

"रोज चढेन."

"रोज नाही. एक दिवसाआड. मधल्या दिवशी खेप माझी."

तो गेला. बाईंच्या बसमध्ये शेजारच्या जागेवर पुन्हा भाजीची पिशवी आली, पण गमतीचं काही दिसलं की बाई ते आता विसरू नये म्हणून मनात घोळवत घरी येत. एका संध्याकाळी त्या आल्या आणि चपला न काढताच खिडकीत फोन घेऊन बसल्या. आईने चष्म्यावरून पाहिलं.

"आज खेप कुणाची?"

"त्याची."

"मग तू का लावतेयस?"

"मी कुठे लावतेय?" बाई नंबर दाबत म्हणाल्या. "चालू आहे का बघतेय."