सारजाबाईंच्या तीन खोल्या

सारजाबाईंनी पाटल्या मोडून मुकुंदवाडीच्या घरावर तीन खोल्या चढवल्या, तेव्हाच मुलाला, विश्वजीतला बजावलं होतं, "आता दवाखान्याला, भिशीला तुझ्यापुढं हात पसरायची नाय मी. माझं भाडं, माझा मान."

विश्वजीतनं एजंट आणला. बाईंनी त्याला फाटकातूनच वाटेला लावलं. माणूस पारखायला सारजाबाईंना एजंट लागतो? गाव कोणतं, मामा कोण, आत्या कुठं दिली, एवढं विचारलं की माणूस कळतो. सूनही त्यांनी अशीच आणली होती.

पहिला आला शेंद्र्याच्या कंपनीतला सार्थक, सोबत बायको प्रेरणा.

"गाव?"

"फर्दापूर," सार्थक म्हणाला.

"अन् हिचं माहेर?"

"देवगाव रंगारी," प्रेरणा म्हणाली.

देवगाव म्हणजे सारजाबाईंचं माहेर. तिथंच थांबायला हवं होतं. पण थांबतील त्या सारजाबाई कसल्या.

"देवगावात कुणाची गं तू?"

"बन्सी आबांची नात."

"आमच्या भिंतीला भिंत लागून हाये त्या बन्सीआण्णाची?"

पुढच्या अर्ध्या तासात शिरा झाला, ओटी भरली, आणि प्रेरणानं काढलेलं डिपॉझिटचं पाकीट बाईंनी तिच्याच पर्समध्ये परत कोंबलं. "माहेरच्या लेकीकडून भाडं घेऊ व्हय? देवगावात तोंड दाखवायचंय मला."

दोघं गेल्यावर विश्वजीत म्हणाला, "आई, करार करायचा होता. तू ओटी भरलीस."

"गप ऱ्हा. अजून दोन खोल्या हायेत."

दुसरे काकासाहेब, बँकेत बदली होऊन आलेले. गाव लातूरकडचं, म्हणजे धोका नाही. बाई निर्धास्त झाल्या आणि उगाच, जिभेला चाळा म्हणून विचारून बसल्या, "बहीण कुठं दिली?"

"चुलतबहीण करमाडला दिलीय."

करमाडला बाईंची लेक दिलेली. पाचव्या मिनिटाला काकासाहेब जावयाचे चुलतमामा निघाले. त्यांच्याकडं भाडं मागितलं तर लेकीला सासरी जन्मभर ऐकावं लागलं असतं. काकासाहेब टॉवेल-टोपी घेऊन वरच्या खोलीत गेले.

"मामा लई चांगले हायेत," विश्वजीत म्हणाला. "फुकट ऱ्हायला लगेच तयार झाले."

तिसऱ्या खोलीला उर्दू शाळेतल्या अनवरी टीचर आल्या, सोबत नवरा कमरोद्दीन. बाईंनी आधीच हात वर केला.

"नाव कळलं, बास. गाव सांगू नका. मामा, आत्या, कुणाचंच नाव काढू नका."

"का हो, खाला?"

"आमच्या घराचा नियमच हाये तसा."

विश्वजीतला ठसका लागला. पण भाडं ठरलं, घासाघीसही झाली नाही. कमरोद्दीननं खिशातून पाकीट काढलं. बाईंनी हात पुढं केला. तेवढ्यात अनवरीनं आपली सहज चौकशी केली, "खाला, तुमचं माहेर कुठलं?"

सारजाबाई सावध झाल्या. देवगाव म्हणावं, तर हिचं कोण तिथं निघेल सांगता येत नाही. ज्या नावावर त्या साठ वर्षं मिरवल्या, ते त्यांनी गिळलं.

"मला माहेर नाय, बाई. कुणीच नाय."

अनवरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाईंचा पुढं आलेला हात तिनं आपल्या दोन्ही हातांत धरला.

"असं बोलू नका, खाला. मी हाये ना. आजपासून मला लेकच समजा तुमची."

कमरोद्दीन पाकीट पुढं धरून उभा होता. सारजाबाईंचा एक हात लेकीच्या हातात होता. दुसरा मोकळा होता, पण तो काही केल्या उचलेना.