अंधारातल्या हरभऱ्याची उंची

मुलांनी प्रश्न विचारावेत, असा वरून आदेश आला, आणि परतवाड्याजवळच्या त्या शाळेत मुख्याध्यापक वामनरावांनी तो ताबडतोब अमलात आणला. सोमवार ते शुक्रवार, मधल्या सुट्टीनंतर, कुतूहल. शनिवारी शाळा अर्धी, म्हणून कुतूहलाला सुट्टी.

आदेशात एक आमिषही होतं. ज्या शाळेचं कुतूहल विस्तार अधिकाऱ्यांना पसंत पडेल, तिथलं एक मूल अमरावतीच्या विज्ञान प्रदर्शनात प्रयोग मांडणार. वामनरावांची नोकरी सरत आली, पण अमरावतीच्या मांडवात त्यांच्या शाळेची पाटी काही लागली नव्हती. त्यांनी पाचवीतली आरती निवडली. पोरीचा आवाज खणखणीत, आणि पाठांतर असं की धडा स्वल्पविरामासकट म्हणून दाखवायची. आरतीनं अमरावती पाहिलेली नव्हती. तिनं त्याच दिवशी गावभर सांगून टाकलं.

प्रयोग ठरला. ओल्या कापसावर हरभरे. एक वाटी खिडकीत, एक कपाटात. निष्कर्ष मात्र वामनरावांनी आधीच भिंतीवर रंगवून घेतला : ‘सूर्यप्रकाशाशिवाय रोप वाढत नाही.’ रंगारी गावात आलेलाच होता. निष्कर्षासाठी त्याला दुसरा हेलपाटा कोण देणार?

तपासणीच्या आदल्या दिवशी कपाट उघडलं.

“सर, कपाटातलंच उंच हाय!” आरती ओरडली.

खिडकीतली रोपं हिरवीगार, ठेंगणी. कपाटातली पिवळट, लुकडी, पण चांगली वीतभर.

“तू नीट पाह्यलं नाही,” वामनराव म्हणाले.

“पट्टीनं मोजलं, सर.”

“मंग पट्टी चुकली असंन.”

आरतीनं दुसरी पट्टी आणली. तीही चुकली. थोड्याच वेळात शाळेतल्या एकूण एक पट्ट्यांवरचा वामनरावांचा विश्वास उडाला.

“पण सर, असं काहून झालं?”

“कुतूहलाचा तास संपला.”

वामनराव पेचात पडले. भिंत बदलायची म्हणजे वरिष्ठांची परवानगी. रोपाला परवानगी लागत नव्हती. त्यांनी कैची काढली आणि कपाटातली रोपं निष्कर्षाच्या मापात आणली. आरती बघतच राहिली.

“हे कापणं नोहे,” तिच्या तोंडाकडे पाहून वामनराव म्हणाले, “हे दुरुस्ती हाय.”

दुसऱ्या दिवशी विस्तार अधिकारी गावंडे साहेब आले. आरतीनं प्रयोग घडाघडा म्हणून दाखवला. साहेब डोलले. आता आदेशाप्रमाणे एक प्रश्न विचारणं त्यांना भाग होतं.

“बेटा, हे तुले समजलं कसं?”

नेमकं याचंच उत्तर बसवून घ्यायचं राहिलं होतं.

“समजलं नाही, साहेब,” आरती म्हणाली. “कपाटातलं लांब होतं. सरनं कापलं. शेंडे पाहा न.”

साहेबांनी वाटी डोळ्यांजवळ नेली. शेंडे सपाट होते. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. अक्षर सुरेख होतं.

“वामनराव, भिंतीवरचं पुस्तकातलंच ना?”

“शब्दाले शब्द, साहेब.”

“मंग ह्या पोरीले असं पाहाले शिकवलं कोणं?”

शोध घेण्यासाठी आरतीच्या वडिलांना, नत्थुजींना, वावरातून बोलावण्यात आलं. ते तणतणतच आले. “माही पोरगी लबाड बोलत नाही, सर!”

“लबाडीचा सवाल नाही, नत्थुजी. तिनं परीक्षेत ‘लांब’ लिहिलं, तर मार्क कटते.”

नत्थुजींचा आवाज एकदम खाली आला. ते पोरीकडे वळले. “काहून व, तुले वाटीत पाहाले कोणं सांगतलं होतं? भिंतीवरचं वाचता येत नाही काय?”

शाळेची निवड झाली. अमरावतीला आरतीऐवजी तिच्याच वर्गातला पियुष गेला. त्यानं वाटीकडे एकदाही पाहिलेलं नसल्यामुळे तो कुठे अडखळला नाही. आरती आता वर्गात काही विचारत नाही. तिच्या प्रगतिपत्रकावर ‘लक्षणीय सुधारणा’ असा शेरा आहे.

हे वाचून आपल्याला वामनरावांचा राग आला असेल, नत्थुजींचं हसू आलं असेल. योग्यच आहे. फक्त एक सांगा : अंधारातलं रोप उंच वाढतं, हे आपण मघापासून मान डोलावत मान्य केलंत, ते कशावरून? आपल्या घरात हरभरे आहेत, वाटी आहे, कपाटही आहे. आपण जागचे हललासुद्धा नाहीत. छापलेलं होतं, एवढं आपल्याला पुरलं.